पतंग सारखा गोते खातोय? वाऱ्याला शिव्या द्यायच्या आधी किन्ना बघा

आमच्या वडोदऱ्यात धाबा म्हणजे गच्ची, जेवायचं हॉटेल नाही, बाहेरगावच्या लोकांसाठी आधीच सांगून ठेवतो. तर दर १४ जानेवारीला सकाळी आठच्या आत दांडिया बाजारातल्या आमच्या धाब्यावर पहिली हाक येते, "काका, हा बघा ना, परत गोते खातोय." मग शेजारच्या धाब्यावरून बेन ओरडतात, त्यांच्या मुलाचाही तसाच. मग खालच्या मजल्यावरचे जावई येतात, ते पुण्याचे, त्यांना वाटतं पतंगच खराब आणलाय. वीसेक वर्षं मी हेच रिपेअर करतोय आणि दहातले सात-आठ पतंग मुळात खराब नसतातच. तरी लोक पाचाचा पंजा फाडून संपवतात आणि वर म्हणतात यंदा पवन नव्हता. किन्ना, म्हणजे पतंगाला बांधलेला दोरा ज्याला मांजा जोडतो, ती कोणी बघतच नाही.

लक्षणं कोणती ते आधी ओळखा

एक, वर जातच नाही. छूट दिली (म्हणजे दुसऱ्याने लांब धरून सोडला) की पाच-सात फूट चढतो, मान टाकतो आणि टाकीवर आपटतो.

दोन, चढतो पण सारखा एकाच बाजूला पळतो, उजवीकडे तर उजवीकडेच. याला आपण कन्नी खाणं म्हणतो.

तीन, भिंगरीसारखा गरगर फिरतो, थांबतच नाही.

चार, ओढ भयंकर लागते, बोट कापेल अशी, पण पतंग उंच जात नाही, मागे रेलून उभा राहतो आणि थोडा पवन वाढला की गोता.

पाच, ओढच नाही. फडफडतो, पुढे पुढे येऊन डोक्यावर तरंगतो आणि दोरी सैल पडते.

लक्षण नीट बघितलं की अर्धं काम झालं, कारण यातलं प्रत्येक वेगळ्या जागेवर बोट दाखवतं. लोक सगळ्याला "गोते खातो" म्हणतात आणि सगळ्यावर एकच इलाज करतात, शेपूट लावतात. शेपूट लावली की पतंग स्थिर होतो हे खरंय, मागच्या बाजूला हवेचा अडथळा वाढतो आणि तोंड वर राहतं, पण मग तो वळतही नाही, आणि उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, शेपटीवाला पतंग घेऊन उभं राहिलात तर पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी कापणार.

थोडं शाळेतलं, कंटाळू नका

चेंडू वर फेकला की हातातून सुटल्या क्षणी तुमच्या हाताचं काम संपतं. पोरांना वाटतं वर जाताना हाताचा जोर चेंडूबरोबर जातो आणि वर पोचल्यावर तो संपतो, म्हणून खाली येतो. तसं नाहीये. सुटल्यापासून परत हातात येईपर्यंत त्याच्यावर खाली ओढणारं वजन असतं आणि हवेचा थोडा अडथळा, बस. हाताने फक्त वेग दिलेला असतो. सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकलात तर साधारण ५ मीटर जातो आणि २ सेकंदांत परत येतो, मग तुम्ही कितीही मनापासून फेका.

पतंगाचं वेगळं. त्याला वजन आहे, वारा त्याला वर उचलतो, तोच वारा मागेही ढकलतो, आणि चौथी तुमची दोरी. दोरी नसेल तर पतंग वाऱ्याबरोबर वाहत जातो, आणि वाऱ्याबरोबरच वाहणाऱ्याला वारा लागणार कसा? म्हणून कापलेला पतंग बघा कसा लोळत, पलट्या खात जातो, दोरी तुटली की तो फेकलेल्या कागदासारखाच. चारांपैकी तीन गोष्टी तुमच्या हातात नाहीत, हातात आहे ती दोरी, आणि ती पतंगाला जिथे धरते ती जागा म्हणजे किन्ना. मी सगळं तिथे का आणतो ते त्यामुळे.

फुकटातली तपासणी: वारा खरंच आहे का आणि कुठून

स्वतःच्या धाब्यावरचा वारा बघू नका, लांब देवळावरचं निशाण बघा, किंवा वर आधीच चढलेले पतंग कुठल्या दिशेला झुकलेत ते बघा. जानेवारीत आपल्याकडे वारा बहुतेक उत्तरेकडून नाहीतर ईशान्येकडून असतो. तुमच्या उत्तरेला सहा मजल्यांचं नवीन अपार्टमेंट उभं राहिलं असेल तर त्याच्या मागे हवा भोवरे करते, आणि हे भोवरे इमारतीच्या उंचीच्या कित्येक पट लांबपर्यंत जातात. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हेच झालं, जिथून लहानपणापासून चढवायचो त्याच कोपऱ्यातून पतंग चढेना, मी दोन दिवस किन्ना बदलत बसलो आणि शेवटी समोरच्या टोकाला गेलो तर पहिल्या झटक्यात वर. तेव्हा आधी कोपरा बदला. तोच पतंग नवलखी मैदानावर किंवा पोलो ग्राउंडवर सरळ चढला तर दोष पतंगाचा नाही, तुमच्या धाब्याचा आहे.

पवन कमी असेल तर किती कमी हेही महत्त्वाचं, कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. साधा आपला पतंग, बाजू ४५ सेंटीमीटरच्या आसपास, ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात साधारण ३०० ग्रॅम वजनाइतकी ओढ देतो. वारा निम्मा झाला की ओढ निम्मी नाही होत, पाव होते, ७५ ग्रॅमच्या जवळपास. म्हणून सकाळी मस्त चाललेला पतंग दुपारी उंधियू-जिलबी खाऊन आलात की "मेला" वाटतो. तो मेला नाहीये, जेवून या, झोपा, चार वाजता परत चढवा.

फुकटातली दुसरी: छूट देणारा

छूट देणारा माणूस पतंग चेंडूसारखा वर फेकतो, ही चूक इतकी कॉमन आहे की मी आता आधी त्यालाच उभं करून दाखवतो. फेकलेल्या पतंगाला वाऱ्याची साथ मिळायच्या आत त्याचं तोंड वाकडं होतं. फेकायचा नाही, सोडायचा. पंधरा-वीस पावलं वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे, जायचं, दोन्ही कोपरे हलके धरायचे, तोंड वर, दोरी ताणलेली, आणि इकडून खेच आली की बोटं उघडायची. लहान मुलं उडी मारून सोडतात, दिसायला गोड दिसतं, पतंग मात्र तिरका जातो.

फुकटातली तिसरी, आणि खरा घोळ इथेच: तुमचा हात

आपला पतंग मुद्दाम अस्थिर बनवलेला असतो. दोरी ताणली की आडवी कमान मागे वाकते, पतंग होडीच्या तळासारखा होतो, आणि तसा झाला की तोंड जिकडे असेल तिकडे सरळ पळतो. ढील दिली की कमान सरळ होते, पतंग सपाट पडतो आणि सपाट पतंगाला कुठलीच दिशा आवडत नाही, तो फिरायला लागतो. म्हणजे ढील दिल्यावर फिरणं हा बिघाड नाहीच! ती स्टिअरिंग आहे. तोंड फिरवायचं तर ढील, हवं तिकडे तोंड आलं की खेच.

आता नवीन माणूस काय करतो, पतंगाचं तोंड खाली वळलं की घाबरून जोरात खेचतो. तुम्ही खेचलंत म्हणजे त्याला सांगितलंत जिकडे तोंड आहे तिकडे पळ, आणि तोंड तर पत्र्याकडे आहे! तो इमानदारीत पत्र्यावर जाऊन फाटतो. माझ्या भाच्याने गेल्या उत्तरायणला एका तासात चार पतंग असे घालवले, पाचव्याला मी त्याच्या मागे उभा राहून फक्त मनगट धरलं, तोंड खाली आलं की "सोड, सोड, अजून सोड" आणि तोंड वर फिरताक्षणी "खेच". बस एवढंच. त्या दिवशी त्याने तीन कापले आणि आवाज असा बसला की रात्री तिळगूळ मागायलाही आवाज नव्हता.

तेव्हा लक्षण तीन असेल, गरगर फिरतो, तर आधी दोरी हलकी ताणून धरा. ताणल्यावर फिरणं थांबलं तर पतंग चांगला आहे. ताणलेल्या दोरीवरही फिरत असेल तरच पुढे वाचा.

किन्ना

महाराष्ट्रात काही ठिकाणी याला मंगळसूत्र म्हणतात, मला तो शब्द आवडतो पण आमच्याकडे किन्नाच. दोन टोकं असतात, वरचं ढड्ढा (उभी काडी) आणि कमान जिथे एकमेकांना छेदतात तिथे, खालचं शेपटीच्या त्रिकोणाच्या चारेक बोटं वर. दोन्ही दोरे पुढे एका गाठीत येतात, तिथून मांजा.

दोन टोकं का? एकाच ठिकाणी बांधलं तर पतंग त्या टोकाभोवती कसाही डोलेल. दोन टोकं म्हणजे पतंग वाऱ्याला किती तिरका उभा राहील हे तुम्ही ठरवून दिलंत. गाठ वर सरकली, म्हणजे वरचा दोरा आखूड झाला, की पतंग आडवा होतो, वारा त्याच्या पोटाखालून निसटून जातो आणि ओढ कमी लागते. गाठ खाली सरकली की तो वाऱ्यासमोर छाती काढून उभा राहतो, ओढ जास्त पण चढण कमी, आणि थोडा जोर आला की फिरायला लागतो. आता वरची लक्षणं परत बघा: चार नंबर म्हणजे गाठ फार खाली, पाच नंबर म्हणजे फार वर.

मी सुरुवात नेहमी दोन्ही दोरे सारखे ठेवून करतो, आमच्याकडे याला शून-शून म्हणतात. डोळ्याने सारखे दिसतात यावर विश्वास ठेवू नका, कंपासपेटीतली पट्टी लावा. मग फिरत असेल तर वरचा दोरा अर्ध्या बोटाने आखूड करा, उडवून बघा, अजून फिरतो तर अजून अर्धं. एकदम दोन बोटं बदललीत तर कशाने काय झालं कळणारच नाही. मी एकेकाळी हेच करायचो आणि दुपारपर्यंत किन्नाच बांधत बसायचो, आमची आत्या म्हणायची हा पतंग उडवायला आलाय की मोत्याची माळ ओवायला.

किन्ना ओवायची भोकंही बघा. ती ढड्ढ्याला अगदी चिकटून, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवीत. उजवं भोक लांब पडलं तर दोरी पतंगाला मधोमध धरतच नाही. किन्ना बांधून झाली की गाठ कागदाला टेकवून एकदा डाव्या कोपऱ्याकडे ओढा, एकदा उजव्या, दोन्हीकडे सारख्याच ठिकाणी पोचली पाहिजे. भोकं अगरबत्तीने पाडा, कागद फाटत नाही, कडा जळून पक्की होते. काडीने टोचलेलं भोक पहिल्या झटक्यात वाढतं आणि किन्ना सरकते, आणि तुम्ही म्हणता सकाळी तर चांगला होता.

इथपर्यंत एक रुपया खर्च झालेला नाही आणि माझ्या हिशोबाने बहुतेकांचं काम इथेच संपतं.

कन्नी: एकाच बाजूला पळतो त्याचं

खोलीत जा, पंखा बंद. ढड्ढ्याच्या दोन टोकांखाली एकेक बोट ठेवून पतंग आडवा तोला. जी बाजू खाली जाते ती जड, आणि पतंग हवेत तिकडेच पळणार. वर्तमानपत्राची बोटभर पट्टी गुंडाळून हलक्या बाजूच्या टोकाला, कमानीवर बांधा, हीच कन्नी. टोकालाच का, तर सी-सॉवर लांब बसलेलं बारकं पोर जवळ बसलेल्या मोठ्याला उचलतं तसं, टोकाला लावलेला चिमूटभर कागद पुरतो, तोच ढड्ढ्याजवळ लावला तर काही फरक पडत नाही आणि पतंग उगाच जड होतो.

तोलून बरोबर आला तरी पळतोय? मग वजन नाही, कमानीची ताकद. कमानीची एक बाजू मऊ असेल तर ती वाऱ्यात जास्त मागे वाकते, वारा तिथून सांडतो आणि पतंग त्या मऊ बाजूकडे वळतो. दोन्ही टोकं हलकेच दाबून बघा, बोटाला फरक कळतो. कडक बाजूला थोडा थोडा बाक देत मऊ करा, अंगठा हळूहळू सरकवत, एकाच जागी जोर दिलात तर काडी कडकन जाईल. कोणी ब्लेडने बांबू तासतात. मी पण तासतो, पण खरं सांगू का, तीनातले दोन पतंग त्यात जातात.

ढड्ढा मात्र डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी वाकवतात ना सगळे, तो स्टाइल मारायला नाही. थोडा बाक आला की पतंग वाऱ्यात शांत राहतो. थोडा. भाकरी थापल्यासारखा दाबायचा नाही.

बाकीचं पटकन

कागद फाटला असेल तर गुंदरपट्टी (डिंक लावलेली चिकटपट्टी), पण एका बाजूला पट्टी म्हणजे एका बाजूला वजन, मग परत तोलायचं. रात्रभर धाब्यावर ठेवलेल्या पतंगाला दव लागतं, कागद ढिला पडतो, उन्हात अर्धा तास ठेवा, इस्त्री नका फिरवू (झालंय हे आमच्याकडे, तपशील विचारू नका). दोरी जाड असेल तर हलक्या वाऱ्यात लांब गेल्यावर दोरीच पोट धरते, मध्ये लोंबते, तुमची खेच पतंगापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तुम्हाला वाटतं पतंग ऐकत नाही. नऊ तारची दोरी मोठ्या पतंगाला, लहान पतंगाला सहा तार पुरे.

थांबायचं कधी

एका साध्या पतंगावर तीन प्रयत्न. किन्ना दोनदा बदलली, कन्नी एकदा बांधली, तरी नाही तर सोडून द्या, दहा-वीस रुपयांचा पतंग आहे आणि उजेड संध्याकाळी सहा-सव्वासहापर्यंतच आहे. पण वीसच्या कोडीतले पाच-सहा पतंग एकाच बाजूला पळत असतील तर ते कमानीच्या बांबूचं काम आहे, तिथे तुम्ही आम्ही काही करू शकत नाही. कोडी उचलून ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे न्या, बनवणारा कारागीर कमान बदलून देतो आणि आपल्याला तासभर लागतं ते त्याला दोन मिनिटं.

मोठा पतंग, म्हणजे दीड मीटर बाजूचा वगैरे, पहिल्यापासून कारागिराकडेच. त्याची किन्ना घरी प्रयोग करत बसायची नाही. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात तो साडेतीन किलोच्या आसपास ओढतो, वारा दुप्पट झाला की चौदा किलोच्या जवळ, आणि ती ओढ धाब्याच्या कठड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात येते. अशा पतंगासाठी मैदान, हातमोजे आणि ज्याने आधी उडवलाय असा माणूस, तिन्ही पाहिजेत.

नायलॉनचा मांजा हातात आला असेल तर पतंग कितीही छान उडत असो, तिथल्या तिथे थांबा. २०१७ पासून त्यावर देशभर बंदी आहे, तो तुटत नाही आणि स्कूटरवाल्याच्या गळ्यापर्यंत जातो. कोणाच्या गळ्याला किंवा डोळ्याला दोरी लागली तर हळद-बिळद न लावता स्वच्छ कापड दाबून धरा, डोळा असेल तर न दाबता नुसता झाका, आणि सरळ दवाखान्यात. दोरीत अडकलेला पक्षी दिसला तर स्वतः दोरी ओढू नका, पंख तुटतो. १९६२ ला फोन करा, १० ते २० जानेवारीत करुणा अभियानाची (गुजरात सरकारची जखमी पक्षी वाचवायची मोहीम) माणसं त्याच कामाला असतात.

आणि विजेच्या तारेवर अडकलेला पतंग. बांबू नाही, ओली दोरी नाही, लोखंडी सळई तर नाहीच नाही. जावयांनी एकदा कपडे वाळत घालायची काठी उचलली होती, मी खालून जिन्यावरून पळत वर आलो आणि काठी हिसकावून घेतली, त्यांना राग आला, येऊ दे. तारेला पतंग आणि दोरी दोन्ही लागलेले असतील किंवा ठिणगी उडाली असेल तर वीज कंपनीला फोन, नाहीतर तो पतंग तिथेच सोडायचा, तो गेला. खाली जाऊन दुसरा घ्या आणि त्याची किन्ना पट्टीने मोजून बांधा.